उस्तादांच्या गाडीचा अलार्म

बारक्यानं टॉर्च दातांत धरला आणि डोकं डॅशबोर्डखाली घातलं. पोट मात्र बाहेरच राहिलं. बारक्या हे नाव पडलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि नाव खरं होतं. आता तो बावन्नचा होता, स्वतःचं दुकान होतं, दुकानावर मोठी पाटी होती. सगळंच मोठं झालं होतं, नाव तेवढं राहून गेलं होतं.

"दिसतंय का?" बाहेरून उस्तादांनी विचारलं.

"हूं."

"दातांत टॉर्च आहे?"

"हूं."

"मग बोलू नकोस. पडेल."

टॉर्च पडला. उस्तादांनी तो पायानंच आत सरकवला.

उस्ताद गाडीच्या उघड्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. गळ्यात मानेचा पांढरा पट्टा होता. त्यामुळं हनुवटी कायम वर असायची आणि ते साधी वेळ विचारत असले, तरी समोरच्याची झडती घेतायत असं वाटायचं. गाडीच्या वायरिंगमध्ये त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. बंद पडलेली गाडी ढकलत आणलेली माणसं त्यांच्या दुकानासमोर रांग लावून उभी राहत आणि उस्ताद आधी बॉनेट न उघडताच कान लावून ऐकत. बारक्या त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकला. बाकीची एकवीस वर्षं शिकलेलं विसरू नये म्हणून घाबरून काढली.

समोरची गाडी उस्तादांची स्वतःची. एकेचाळीस वर्षांची. तिच्यातली एकही वायर कारखान्यातली उरली नव्हती, सगळ्या उस्तादांनी एकेक करून बदललेल्या. आणि आज त्या गाडीला अलार्म बसत होता.

"मला एक कळत नाही," उस्ताद म्हणाले. "ही गाडी चोरणार कोण? चोरानं आणायचा एक साथीदार, ढकलायला."

"चोऱ्या वाढल्यात," काकू ओट्यावरून म्हणाल्या. काकू म्हणजे उस्तादांची बायको. त्या पालेभाजी निवडत बसल्या होत्या आणि सकाळपासून तीच जुडी निवडत होत्या. "त्या कोपऱ्यावरच्या घरची नाही का गेली?"

"ती त्याच्या मेव्हण्यानं नेली."

"गेली की नाही पण?"

उस्तादांनी बारक्याच्या पोटाकडे बघितलं, जणू मुद्दा तिथं लिहिलेला होता.

खरी गोष्ट बारक्याला माहीत होती आणि म्हणूनच आज त्याचा हात जड होता. तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी उस्ताद गाडी चालवत पाव आणायला निघाले आणि चालवता चालवता त्यांचे डोळे मिटले. गाडी फुटपाथवर चढली आणि टपालपेटीला मिठी मारून थांबली. पेटी आजही वाकडीच उभी आहे. पेटीच्या पुढं साठ पावलांवर शाळेचं फाटक होतं आणि शाळा सुटायला दहा मिनिटं होती. डॉक्टरनं तपासून सांगितलं की मानेतली नस दबते, चक्कर कधीही येईल, गाडीला हात लावायचा नाही. उस्ताद डॉक्टरसमोर "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून पाव घेऊन आले. आदल्या दिवशीचा राहिला होता ना.

चक्कर वगैरे काही नव्हती, त्यांचं म्हणणं. ऊन डोळ्यावर आलं होतं.

काकूंनी किल्ली लपवली. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं किल्ल्या हरवलेल्या लोकांच्या गाड्या सुरू करून दिल्या, त्याच्यापासून किल्ली लपवणं म्हणजे माशापासून पोहण्याचा पोशाख लपवणं. दुपारी काकूंचा जरा डोळा लागला की उस्ताद दोन वायरी जोडून एक चक्कर मारून यायचे. दारात गाडी परत उभी, इंजिन गरम, आणि उस्ताद खुर्चीत पेपर उलटा धरून बसलेले.

शेवटी काकू बारक्याच्या दुकानात आल्या. त्या आधी कधी आल्या नव्हत्या. उभ्याच राहिल्या.

"पोलिसाचा फोन आला होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या होत्या. "तो म्हणाला, 'घाबरू नका.' तेव्हापासून मी घाबरतेय. तू काहीतरी कर. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम ते दहा मिनिटांत उघडतील."

बारक्या हो म्हणाला. म्हणताना बरं वाटलं होतं. गुरूची विद्या गुरूला, हे त्याच्या डोक्यात रात्री जेवताना आलं आणि मग घास काही गोड लागला नाही.

तर बेत असा होता. वरवर अलार्म: दार उघडलं की भोंगा, बॉनेट उघडलं की भोंगा, काच फोडली की भोंगा. त्याचं बटण काकूंच्या हातात. आणि आत, कुणाला न सांगता, इंजिनला ठिणगी देणारी वायर तोडून मध्ये एक रिले, म्हणजे काडेपेटीएवढा आपोआप चालणारा स्विच. काकूंनी बटण दाबल्याशिवाय ती वायर जुळणार नाही आणि इंजिन धरणार नाही. मग उस्तादांनी खाली कितीही वायरी जोडाव्यात. भोंग्याची चोरांना भीती, रिलेची उस्तादांना.

अलार्मबरोबर आलेल्या कागदावर बाविसावी सूचना होती: "सेंट्रल लॉकची वायर इथे जोडा." या गाडीला सेंट्रल लॉक नव्हतं. एका दाराला तर साधं लॉकही नव्हतं. बारक्यानं तो कागद घडी करून गुडघ्याखाली घेतला. त्या कामाला तो उत्तम होता.

त्यानं दारांचे स्विच जोडले, डॅशबोर्डवर मिणमिणणारा लाल दिवा बसवला. मग उस्तादांची मान वळत नाही याचा फायदा घेऊन तो स्टीअरिंगच्या खाली सरकला, वीस वायरींच्या जुडग्यातून हवी ती वायर ओढली आणि कापली.

कापताना त्यानं डोळे मिटले. ही वायर उस्तादांनी कधी घातली ते त्याला आठवत होतं. टॉर्च त्यानंच धरला होता.

रिले जोडला. जोड पिळला, कथलाचा डाग दिला, वर काळी पट्टी गुंडाळली. हात आपलं काम करत होता, मन दुसरीकडेच होतं. पट्टी संपली तसं अंगठ्यानं तिचं टोक नखभर मुडपलं आणि सोडून दिलं. ही उस्तादांच्या दुकानाची रीत. त्याला ते शेपूट म्हणत. उद्या दुसरा कुणी ती वायर उघडायला आला, तर टोक शोधताना त्याची नखं तुटू नयेत. "आपल्या मागनं येणारा आपल्याला शिव्या घालेल, असं काम करायचं नाही," उस्ताद म्हणायचे, आणि शेपूट न ठेवणाऱ्याला सगळी पट्टी सोडून पुन्हा गुंडाळायला लावायचे. बारक्यानं अकरा वर्षांत हे इतक्यांदा केलं होतं की आता अंगठा त्याला विचारत नसे.

जुडगं परत वर ढकललं. वीस वायरींत एकविसावा काळा जोड. आंधळ्या कोशिंबिरीत सापडला तर सापडला. त्यानं बटण दाबून बघितलं.

कट्.

"काय वाजलं?" उस्ताद म्हणाले.

"दाराचा स्विच."

उस्ताद खुर्चीत जरा पुढं सरकले. "अस्सं," ते म्हणाले. "दाराचे स्विच हल्ली बोलायला लागले म्हणायचे."

बारक्या पोट आवळून बाहेर निघाला. कपाळावर घाम होता. त्यानं तो पुसला आणि कपाळ जास्तच काळं झालं. उस्तादांच्या डोळ्यांत बघायला नको म्हणून तो पकडीवरची धूळ झाडत राहिला, जी नव्हती.

"जा, हातपाय धू," उस्ताद म्हणाले. "आणि चहा घे आतच. ही बाहेर आणेपर्यंत थंड होतो."

"मी थांबतो इथंच."

"जा म्हटलं ना. गाडी पळून जात नाही. सीटही इतकी मऊ आहे, जरा बसतो तिच्यात."

चहा चांगला होता. बारक्यानं स्वयंपाकघरात उभ्यानंच पहिला घोट घेतला. काकूंनी डोळ्यांनीच विचारलं, त्यानं मान हलवली. झालं म्हणून. काकूंनी श्वास सोडला, पदराला हात पुसले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा बिस्किटांचा डबा उघडला.

"त्यांना कळलं तर?"

"नाही कळणार, काकू. मला स्वतःला शोधायला सांगितलं तरी तासभर—"

बाहेर इंजिन सुरू झालं.

बारक्या धावला. कपबशी हातातच राहिली. त्याला ओट्याच्या दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत, तो तिसरीवरून थेट अंगणात उतरला आणि गाडीच्या समोर, बॉनेटला पोट लावून उभा राहिला. फाटक सताड उघडं होतं. गाडी थरथरत होती आणि बारक्याचं पोटही तिच्याच तालावर. चहा सांडून बशीत आला होता.

काचेपलीकडे उस्ताद बसले होते. हनुवटी वर, दोन्ही हात स्टीअरिंगवर.

"बाजूला हो."

"नाही."

बत्तीस वर्षांत बारक्या उस्तादांना पहिल्यांदा नाही म्हणाला होता. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आवाज आपलाच होता.

उस्तादांनी जरासा अॅक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली. बारक्यानं बशी दोन्ही हातांनी धरली, जणू गाडी अंगावर आली तर निदान बशी वाचावी.

"शेपूट ठेवलीस, गाढवा," काचेतून उस्ताद म्हणाले. "चोरून वायर तोडतोस आणि तिला शेपूट ठेवतोस! हात घातला, पहिल्याच फेरीत बोटाला लागली. सोडली, जोडली." त्यांनी खिडकीबाहेर थुंकल्यासारखं केलं. "अकरा वर्षं शिकवून फुकट."

बारक्यानं आपल्या अंगठ्याकडे बघितलं. शेपूट. मांजरानं चोरून दूध प्यावं आणि भांडं घासून ठेवावं तसं त्यानं केलं होतं.

"कुणी सांगितलं तुला? हिनं?"

"मी सांगितलं," काकू ओट्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. "त्याच्यावर ओरडू नका."

"म्हणजे चोर मी?"

"चोर असता तर पोलिसात दिलं असतं. नवरा आहात, म्हणून अलार्म."

इंजिन तेवढं बोलत राहिलं. शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी उघडली, बघितलं आणि हळूच लावून घेतली. फाटकाबाहेरून दोन मुलं दप्तरं आपटत गेली, एक दुसऱ्याला लाथ मारायला वळलं, ती हुकली, दोघं पळाली. उस्तादांची मान वळत नव्हती, पण डोळे त्या मुलांबरोबर फाटकाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेले आणि मग ती दिसेनाशी झाल्यावरही तिथंच राहिले.

त्यांनी इंजिन बंद केलं.

बारक्यानं बशीतला चहा पिऊन टाकला, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

उस्ताद खाली उतरले नाहीत. तिथूनच बोलायला लागले, दुकानात बोलायचे त्या आवाजात.

"बॉनेटच्या भोंग्याचं काम ठीक आहे. बॅटरीवरनं सरळ वायर ओढायला मला बॉनेट उघडावं लागेल. उघडलं की ओरडेल, ही येईल. ते नीट केलंस. पण रिलेची जागा चुकली. बसल्या बसल्या हात पोचतो अशा जागी कुणी ठेवतं?"

"मग कुठं?" बारक्यानं विचारलं. विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो कुणाला विचारतोय.

"वर. वायपरच्या मोटरमागं एक खोबण आहे. ती वायर तिथनंच जाते. तिथं तोड."

"उस्ताद, तिथं माझं पोट जायचं नाही."

"जाईल. श्वास सोड आणि मनातल्या मनात उपास कर." उस्तादांनी स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "मला नाही जाता यायचं. तिथं उताणं पडून मान वाकडी करावी लागते. मला दोन मिनिटांत गरगरतं."

ओट्यावर काकूंच्या हातात बिस्किटांचा डबा तसाच उघडा राहिला.

तीन महिने ऊन डोळ्यावर आलं होतं. पोलिसाला, डॉक्टरला, मुलीला फोनवर, शेजाऱ्याला, सगळ्यांना उन्हाचंच नाव सांगितलं होतं. त्या उन्हाला आज कुणी विचारलंही नाही. काकू वळल्या, आत गेल्या आणि चहाचं पातेलं घासायला घेतलं. नळ जरा जास्तच वेळ वाहत राहिला.

"आणि बारक्या."

"हं?"

"शेपूट नको."

बारक्यानं वर बघितलं.

"टोक चिकटवून टाक. घट्ट. माझी नखं तुटली पाहिजेत."

पुढचा तासभर बारक्या वायपरच्या मोटरमागं जगला. एक खांदा आत, एक बाहेर, पाय सीटच्या पाठीवरून मागच्या काचेकडे. उस्ताद खुर्चीत बसून हुकूम देत होते, "डावी नाही, तिच्या खालची," आणि हुकूम बरोबर होते, कारण आतलं त्यांना न बघता दिसत होतं. पट्टीच्या शेवटाला अंगठा आपोआप मुडपायला गेला. बारक्यानं तो दुसऱ्या हातानं धरला आणि टोक दाबून बसवलं. एखाद्या माणसाला आत ठेवून बाहेरून दार लावावं तसं वाटलं. पण कोंडायला नव्हे, बाहेर वादळ येतंय म्हणून.

मग भोंग्याची चाचणी झाली. काकूंनी बटण दाबलं, उस्तादांनी दार उघडलं आणि जो काही आवाज झाला त्यानं समोरच्या घरातले गृहस्थ टॉवेल गुंडाळून, अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आले.

"चोर?" त्यांनी विचारलं.

"मी," उस्ताद हात वर करून म्हणाले. "तुमची दाढी होऊ द्या."

ते गेले. काकूंनी तिसऱ्या वेळेस बटण नीट दाबलं आणि आवाज थांबला. त्यांनी ते किल्लीच्या जुडग्याला अडकवलं, जुडगं कमरेला, आणि वर हात ठेवला.

"आता किल्ली तुझ्याकडे," उस्ताद म्हणाले. "बटण तुझ्याकडे. मग गाडी कुणाची झाली?"

"तुमचीच की."

"माझी कशी? मला सुरू करता येत नाही. ज्याला सुरू करता येते त्याची गाडी. चल, बस."

"कुठं?"

"स्टीअरिंगवर."

"या वयात?" काकू सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि एवढं लाजलेलं त्यांना बारक्यानं कधी बघितलं नव्हतं. "काहीतरीच. लोक काय म्हणतील?"

"एकेचाळीस वर्षं शेजारी बसून तूच चालवतेयस. गिअर बदला, हळू घ्या, तो बघा कुत्रा आला. फक्त सीट बदलायची आहे. बारक्या, हिचे पाय पोचायचे नाहीत, सीट पुढं घे."

बारक्यानं सीटखालचा दांडा ओढला. दांडा हलला, सीट नाही. एकेचाळीस वर्षांत ती कधी कुणी हलवलीच नव्हती. उस्तादांची उंची तेवढी, सीट तिथं. रूळ गंजून एकजीव झाले होते. बारक्यानं तेल ओतलं, हातोडीनं चारदा टोकलं, पाठीला खांदा लावला. सीट दगड. मग उस्ताद उठले. मागच्या दारानं आत शिरले, मान सरळ ठेवून मागच्या सीटवर बसले आणि दोन्ही पाय पुढच्या सीटच्या पाठीला लावले.

"तीन म्हटलं की."

"उस्ताद, तुम्ही नको—"

"मान लावत नाहीये, पाय लावतोय. तीन!"

बारक्यानं पुढून वाकून दांडा ओढला. कडाड्. सीट एक घर पुढं गेली. मग दुसरं. मग अचानक तिसरं आणि चौथं एकदम, आणि बारक्याचं नाक हॉर्नवर आपटलं. हॉर्न वाजला. समोरच्या गृहस्थांनी या वेळी बाहेर यायची तसदी घेतली नाही.

सीटच्या मागं, जिथं ती इतकी वर्षं उभी होती, तिथं गालिच्याचा एक चौकोन नव्यासारखा निळा निघाला. बाकीचा सगळा मातकट. या गाडीचा गालिचा निळा होता हे उस्ताद आणि काकूंना आत्ताच आठवलं, बारक्याला आत्ताच कळलं.

काकू साडी सावरून बसल्या. पाय खाली गेले आणि टेकले. त्यांनी ते एकदा बघून खात्री करून घेतली.

"आरशात नुसतं छत दिसतंय."

"तो माझ्या उंचीला आहे. फिरव."

काकूंनी हात वर नेला आणि मध्येच थांबवून उस्तादांकडे बघितलं. उस्ताद दुसऱ्याच कशाकडे तरी बघत होते, किंवा मान वळत नसल्यामुळं तसं वाटत होतं. काकूंनी आरसा धरला आणि खाली केला. आधी त्यांना स्वतःचं कपाळ दिसलं. मग मागची काच, मग अंगण, पायऱ्या, आणि हातोडी हातात घेऊन बाजूला उभा राहिलेला बारक्या. त्यांनी आरशातूनच त्याला मान डोलावली.

उस्ताद गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारानं आत बसले. या बाजूला ते कधी बसले नव्हते. गुडघे कुठं ठेवायचे हे ठरवण्यात थोडा वेळ गेला. मग त्यांनी बेल्ट ओढला आणि तो हातात धरून बसून राहिले.

"हा कशात अडकवायचा?"

काकूंनी समोरची नजर हलवली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट होते.

"सीटच्या फटीत हात घाला," त्या म्हणाल्या. "जरा खोल आहे. सापडेल."

उस्ताद चाचपू लागले. काकू थांबल्या.